छत्रातील विद्यार्थी

काशी म्हटले की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांस तीर्थयात्रा आठवते. १७८० च्या सुमारास अहल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे मंदिर उभारले, १८२८ मध्ये बायजाबाई शिंद्यांनी ज्ञानवापीवर खांबांचा मंडप बांधला, हेही आपण मुलांस अभिमानाने सांगतो. परंतु या दगडी कामापेक्षा आम्हांस मोलाची वाटते ती तेथील एक न दिसणारी व्यवस्था. पंडितांच्या घरी विद्या विनाशुल्क मिळे आणि विद्यार्थ्यांच्या पोटाची काळजी अन्नछत्रे वाहत.

१९१६ साली या व्यवस्थेत एक तरुण येऊन दाखल झाला. गागोद्यास जन्मलेले, बडोद्यास शिकलेले विनायक नरहरी भावे इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि सुरतेस उतरून काशीच्या वाटेला लागले. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती! दुपारी छत्रात जेवण, वर दोन पैसे दक्षिणा. त्यांत रात्रीचे दही व रताळी भागत. उरलेला वेळ संस्कृत ग्रंथांचा. एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकविण्याचे काम निघाले, तेव्हा त्यांनी वेतन मागितले दरमहा दोन रुपये. ज्यास विद्या आणि अन्न विकत घ्यावे लागले नाही, त्यास आपली विद्या महाग विकणे सुचले नाही, असे आम्ही समजतो.

अर्थात या दानास एक मोठे व्यंग होते. छत्राची पंगत जातीने आखलेली असे. गंगेवर नाव वल्हविणाऱ्याच्या मुलास तेथे पान मांडले जात नव्हते. काशीतच गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तांत वाचून विनोबा ७ जून १९१६ रोजी कोचरब आश्रमात पोहोचले. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस भूदान सुरू झाले, तेव्हा दानाचा अर्थ त्यांनी उपकार असा न करता वाटून घेणे असा केला. जमीनदाराकडे ते सहाव्या मुलाच्या नात्याने वाटा मागत. त्या मागणीत पंगतीची रेषा पुसली गेली होती.

काशीच्या राजघाटावरून सर्व सेवा संघाने हे विचार अल्प किमतीच्या पुस्तकांतून देशभर पोहोचविले. त्या आवारातील इमारती जागेच्या वादात २०२३ साली पाडल्या गेल्या. ती पुस्तके मात्र आपल्यांपैकी काहींच्या कपाटांत अजून असतील.