माठातील पाण्याची शीतलता : मर्यादा आणि गती

प्रस्तुत विवेचनाचा विषय एकच आहे. घरात साठवलेले पिण्याचे पाणी, इंधन वा वीज न खर्चता, केवळ त्याच्या अल्प अंशाच्या बाष्पीभवनाने भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. ते का, कितपत आणि किती वेळात, एवढेच येथे पाहावयाचे आहे. पाणी गार करण्याच्या अन्य जुन्या रीती यातून वगळल्या आहेत. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदलेली सोऱ्याची रीत विद्रावणात शोषल्या जाणाऱ्या उष्णतेवर उभी आहे. रॉबर्ट बार्करने १७७५ साली रॉयल सोसायटीपुढे वर्णिलेली, उथळ परळांत रात्रभर पाणी ठेवून बर्फ गोठवण्याची हिंदुस्थानी रीत मुख्यतः निरभ्र आकाशाकडे होणाऱ्या उष्णतेच्या प्रारणावर अवलंबून आहे. या दोन्ही कारणांचा माठाशी संबंध नाही.

आधी संज्ञा निश्चित करू. द्रवाच्या केवळ पृष्ठभागावरून, उत्कलनबिंदूच्या खाली कोणत्याही तापमानास होणारे वायुरूपांतर म्हणजे बाष्पीभवन. या रूपांतरासाठी लागणारी, पण तापमापकावर न दिसणारी उष्णता म्हणजे अप्रकट उष्मा. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पाण्याच्या दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी असतो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने बदलण्यास एक कॅलरी लागते. या दोन संख्यांतील अंतरातच सर्व प्रक्रियेचे सामर्थ्य आहे: एक ग्रॅम पाणी उडून जाताना ५८ ग्रॅम पाण्याला १० अंशांनी थंड करण्याइतकी उष्णता घेऊन जाते. हवेत असलेल्या बाष्पाचे, त्याच तापमानास मावू शकणाऱ्या कमाल बाष्पाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून त्यावर वारा घातल्यास पारा ज्या अंकावर येऊन स्थिरावतो, त्याला पुढे ‘आर्द्र तापमान’ म्हटले आहे.

हे शेवटचे तापमान नेमके कशाने ठरते? ओल्या पृष्ठभागावर दोन व्यापार एकाच वेळी चालतात. बाष्पीभवनाने उष्णता बाहेर जाते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा थंड झाल्यामुळे हवेकडून उष्णता आत येते. पृष्ठभाग जितका थंड होतो तितका पहिला व्यापार मंदावतो व दुसरा वाढतो. दोन्ही समान झाले की घट थांबते. वाऱ्याने हे दोन्ही व्यापार जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून वारा हे समतोलाचे तापमान फारसे बदलत नाही, तेथे पोहोचण्याचा वेळ मात्र कमी करतो.

यावरून संपूर्ण विषयाचे दोन प्रश्नांत विभाजन होते. पाणी जास्तीत जास्त किती थंड होईल, हा मर्यादेचा प्रश्न. त्याचे उत्तर हवा देते. तेथवर ते किती वेळात आणि किती जवळ जाईल, हा गतीचा प्रश्न. त्याचे उत्तर भांडे आणि त्याची जागा देतात. माठाविषयीचे बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्याने उत्पन्न होतात. पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला दोष दिला जातो, तेव्हा दोष पुष्कळदा हवेचा असतो.

मर्यादेचे उदाहरण महाराष्ट्रातच मिळते. विदर्भात मे महिन्यातील दुपारी हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर आर्द्र तापमान २२ ते २३ अंश येते. त्याच दिवसांत कोकण किनाऱ्यावर हवा ३३ अंश व आर्द्रता ७० टक्के धरली, तर ते २८ अंशांच्या आसपास राहते. पहिल्या ठिकाणी १७ अंशांचा वाव आहे, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम ५ अंशांचा. नागपूरचा उन्हाळा रत्नागिरीपेक्षा कितीतरी प्रखर. तरी तेथील माठातले पाणी निरपेक्ष मापानेही अधिक थंड असते. हवेची शुष्कता हेच माठाचे इंधन आहे. किनाऱ्यावरील घराने कितीही उत्तम माठ आणला तरी ते इंधन विकत मिळत नाही.

दिवस आणि रात्र यांचाही विचार याच सूत्राने करावा. हवेतील बाष्प तेवढेच राहून ४५ अंशांची दुपार ३० अंशांच्या पहाटेपर्यंत उतरली, तर हवेचे तापमान १५ अंशांनी घटते, परंतु आर्द्र तापमान सुमारे ५ अंशांनीच. म्हणजे माठातील पाण्याचे तापमान हवेच्या मानाने पुष्कळच स्थिर राहते. ते पहाटे सर्वांत थंड असते. गार लागते मात्र दुपारी, कारण जिभेला निरपेक्ष तापमान कळत नाही, फरक कळतो. दुपारच्या घोटावरून माठाची परीक्षा करणारा माणूस मुख्यतः हवेची परीक्षा करीत असतो.

आता गती. ज्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते, त्याच्या स्वरूपावरून भांड्यांचे दोन प्रकार पडतात. (१) ज्यांची भिंत स्वतःच सच्छिद्र असून पाणी तिच्यातून बाहेर येते: माठ, सुरई, रांजण, आणि कापडाची छागल. (२) ज्यांची भिंत अभेद्य असून ओल बाहेरून पुरवावी लागते: ओले फडके गुंडाळलेली तांब्याची घागर. दुसऱ्या प्रकारात धातू उष्णता त्वरित वाहून नेतो ही सोय आहे. पण फडके वाळताच क्रिया थांबते, नव्हे उलटते, कारण तोच धातू बाहेरची उष्णता तितक्याच तत्परतेने आत आणतो. पहिल्या प्रकारात ओल पुरवण्याचे काम पाणी स्वतःच, अखंड, कोणाच्याही देखरेखीवाचून करते. घरगुती साठ्यासाठी हा प्रकार श्रेष्ठ ठरण्याचे कारण हेच आहे.

सच्छिद्रता ही कुंभाराच्या विद्येची बाब आहे. तो मातीत राख, घोड्याची लीद किंवा भुसा मळतो. आव्यात त्यातला जळण्याजोगा भाग जळून जातो व त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या उरतात. भाजणी कच्ची राहिली तर भांडे भिजून ढासळते. फार कडक झाली तर मातीचे कण वितळून एकजीव होतात आणि रंध्रे बुजतात. चिनी मातीच्या बरणीत पाणी गार होत नाही ते यामुळे. काळा माठ की लाल माठ, हा वाद रंगावरून सुटणारा नाही. काळेपणा हा भाजताना आव्यात हवा कोंडल्याने व काजळी मुरल्याने येतो. सावलीत ठेवलेल्या भांड्याच्या थंडाव्याशी रंगाचा संबंध नगण्य असतो. भिंत किती पाझरते एवढेच पाहावे.

येथे एक भेद काटेकोरपणे करणे अवश्य आहे. पाझरणे म्हणजे बाष्पीभवन नव्हे. जे पाणी थेंबाच्या रूपाने तिवईखाली गळते ते अप्रकट उष्मा घेऊन जात नाही. ते केवळ वाया जाते. माठ ‘घामेजला’ म्हणून तो चांगला, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. पावसाळ्यात माठाची भिंत सर्वाधिक ओली दिसते, तेव्हाच पाणी सर्वांत कमी गार असते. कोरड्या हवेत उत्तम माठाच्या पोटावर हाताची पालथी बाजू टेकवली असता ओल व गारवा जाणवतो, पण थेंब ओघळत नाही: भिंत जेवढे पाणी बाहेर देते तेवढे हवा तत्काळ उचलते. याहून कमी पाझर असेल तर पृष्ठभाग कोरडा पडतो, अधिक असेल तर अपव्यय होतो.

परिमाणाचा प्रभाव गणिताने दाखवता येतो. १० लिटरचा गोल माठ सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याचा बाह्य पृष्ठभाग सुमारे २,३०० चौरस सेंटिमीटर भरतो. एवढे पाणी १० अंशांनी थंड करण्यास १०० किलोकॅलरी बाहेर जाव्या लागतात, म्हणजे अंदाजे १७० मिलिलिटर पाणी उडावे लागते. सर्व पृष्ठभागावर ते पसरले असे मानल्यास त्याचा थर पाऊण मिलिमीटर जाडीचा होतो. व्यास दुप्पट केला तर पाणी आठपट होते, पृष्ठभाग चौपटच; म्हणून त्याच घटीसाठी वेळ दुप्पट लागतो. सुरई लवकर गार होते आणि रांजण उशिरा. परंतु रांजणाने एकदा मिळवलेला गारवा तितक्याच सावकाश ढळतो.

प्रत्यक्ष क्रियेच्या तीन अवस्था होतात. पहिलीत पाणी भिंतीतून बाहेरच्या अंगापर्यंत पोहोचते. कोरा माठ वापरण्यापूर्वी भिजत ठेवतात तो ही अवस्था आधीच उरकण्यासाठी. दुसरीत तापमान उतरते: प्रारंभी वेगाने, पुढे मंद, कारण घटीचा वेग उरलेल्या अंतराच्या प्रमाणात असतो. तिसरीत तापमान स्थिर होते, बाष्पीभवन मात्र चालूच राहते. हवेकडून, शिवाय खोलीच्या भिंतींच्या व वस्तूंच्या प्रारणाने तसेच तिवईतून उष्णता सतत आत येत असते आणि ती परतवण्यासाठीच हे पाणी खर्ची पडते. न पिताही माठातील पातळी रोज खाली का जाते, याचे उत्तर या अवस्थेत आहे. यांपैकी प्रारणाच्या व तिवईच्या आगंतुक उष्णतेमुळे पाणी आर्द्र तापमानाला तंतोतंत कधीच पोहोचत नाही, काही अंश वरच राहते.

दुसऱ्या अवस्थेच्या स्वरूपावरून एक व्यावहारिक नियम निघतो. पेलाभर काढून पेलाभर ओतत राहिल्यास माठ दिवसभर दुसऱ्याच अवस्थेत राहतो आणि कोमट पाण्याची सरासरी पदरी पडते. दोन माठ आळीपाळीने, एक पिण्यास व दुसरा निवण्यास, ठेवल्यास हा दोष जातो. जागेविषयीचे नियमही असेच निष्पन्न होतात. ऊन नको, कारण त्याने बाहेरून उष्णता लादली जाते. कोपरा नको, कारण तेथील हवा माठाच्याच बाष्पाने भरून राहते. स्वयंपाकघरातील शिजणाऱ्या अन्नाची वाफही याच कारणाने बाधक. माठाखाली ओली वाळू असावी, म्हणजे तळाशी येणारी उष्णताही त्या ओलीने परतवली जाते. तोंडावरील झाकणाने थंडाव्याची हानी होत नाही, कारण माठाच्या आतील हवा मुळातच बाष्पाने संपृक्त असते.

शेवटी क्षय. पाणी उडते, त्यातील क्षार उडत नाहीत. ते भिंतीच्या बाह्य अंगावर साचून पांढरे पापुद्रे धरतात आणि एकेक रंध्र बंद करतात. जड पाण्याच्या गावी हे अधिक त्वरेने घडते. काथ्याने बाहेरून घासल्यास वरचा थर निघतो, भिंतीच्या आत मुरलेला निघत नाही. तेलकट हात आणि शोभेसाठी दिलेला तैलरंग हेच काम एका दिवसात करतात. असा माठ फुटलेला नसतो, पाणीही धरतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे घडवंचीवर राहतो. परंतु शीतलतेच्या दृष्टीने तो चिनी मातीच्या बरणीच्या वर्गात गेलेला असतो. त्याची ओळख सोपी आहे. चैत्र-वैशाखातील कोरड्या दिवशी तो काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी पोटावर हात फिरवावा. तळहाताला ओल लागली नाही, तर तो धान्यासाठी ठेवावा आणि पाण्यासाठी नवा आणावा.