मधोमध कापलेला आस

परवा नातवाचा फोन आला. कॉलेजात मुलांनी मिळून एक गाडी बनवली आहे. "आजोबा, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की ती आपोआप वळते." चाचणीत त्याचा मित्र बांधावर आपटला, हात मोडता मोडता वाचला. मी मराठी माध्यमातला बी.ए., तोही इतिहास घेऊन! तरी "बघतो" म्हणालो आणि चार दिवस वाचत बसलो.

मुंबईची व्हिक्टोरिया आठवते? वळताना तिचा पुढचा आस चाकांसकट फिरे. फार फिरला तर गाडी कलंडायची भीती. म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने आस जागेवर ठेवला आणि टोकाची चाकंच आपापल्या खिळीभोवती वळवली. वळणात आतलं चाक लहान वर्तुळावर धावतं, म्हणून ते जास्त वळायला हवं, हेही त्यात साधलं. १८१८ साली लंडनमध्ये पेटंट घेतलं ते त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमानने. हा चित्रं-पुस्तकं विकणारा माणूस, पण रचनेला नाव त्याचंच चिकटलं. 'शोध कोणी लावला?' असे एका वाक्यात उत्तराचे प्रश्न मी वर्षानुवर्षं घातले आणि बेधडक गुणही दिले. असो.

इंग्लंडात चिखलाच्या चढावर न थांबता गाडी चढवायच्या स्पर्धा असतात, त्यांना ट्रायल म्हणतात. लँड्स एंड ट्रायल १९०८ पासूनची. हौशी लोक त्यासाठी घरीच गाड्या बनवत. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये न विकली गेलेली जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात तिची ट्रायल-गाडी केली. तीच पहिली लोटस.

ऑस्टिनचा पुढचा आस म्हणजे एकच सरळ दांडा, वर आडवा पाटा. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलतं. लेस्ली बॅलमीने १९३० च्या दशकात हा आस मधोमध कापला आणि प्रत्येक अर्ध्याला बिजागरी दिली. झालं, चाकं स्वतंत्र! चॅपमननेही पुढे लोटस मार्क सिक्सला फोर्डचा कापलेला आस बसवला.

पण खरी गोम इथेच आहे. अर्धा आस बिजागरीभोवती कमानीत वरखाली होतो. चाकं वळवणारा दांडा अखंड राहिला, तर तो वेगळ्या कमानीत फिरतो आणि चाकाला ओढतो किंवा ढकलतो. हात न लावता गाडी वळते ती अशी. म्हणून दांडाही तोडावा लागतो आणि त्याचे सांधे बिजागरीच्या रेषेत आणावे लागतात.

नातवाला विचारलं, "तुझे सांधे कुठे आहेत रे?" फोनवर बराच वेळ शांतता. दांडा दोन तुकड्यांत होता, पण आतले सांधे चांगले चार बोटं बाहेर होते.

काल रात्री त्याने फोटो पाठवला. सांधे काढलेत, नवे अजून बसायचेत. शनिवारी पुन्हा खड्ड्यात घालून बघणार आहेत. मी म्हटलं, आधी ढकलत न्या, बसू नका कोणी.