जलहळ्ळीची काचनळी

बंगळूर म्हटले की मराठी मनास प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते. १६३८ साली विजापूरच्या फौजेने हे शहर घेतले व पुढे ते शहाजीराजांकडे आले, हे आपण शाळेपासून वाचीत आलो आहोत. आणि बदली होऊन येथे येणारा मराठी कारकून वा अधिकारी पहिल्या महिन्याभरात या गोष्टीचा उल्लेख एकदा तरी केल्यावाचून राहत नाही. त्यात वावगे काही नाही. तथापि या शहराचा एक दुसरा इतिहास आहे. तो पुष्कळसा आपल्या हयातीतला किंवा आपल्या वडिलांच्या हयातीतला असूनही आपल्याला फारसा ठाऊक नसतो. त्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते असे. आम्ही व आमच्या कचेरीतील दोन स्नेही कोरमंगला भागात शेजारीशेजारी राहतो. एका स्नेह्यांचा मुलगा विजेची गिटार वाजवितो. त्याच्यासाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आपणच मुळापासून बांधावा असे ठरले, आणि गेल्या वर्षातले बरेचसे रविवार त्या कामी खर्ची पडले. काम करता करता आमच्या ध्यानात आले की ज्या काचनळीभोवती हा सगळा खटाटोप चालला आहे, तिच्यावर ‘बीईएल’ अशी अक्षरे आहेत. म्हणजे ही नळी येथून काही मैलांवर, जलहळ्ळी येथे, तयार झालेली आहे. तेव्हापासून यंत्राइतकेच त्या नळीच्या कुळाविषयीही आम्हास कुतूहल वाटू लागले.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी एक तंतू तापतो. त्याच्याभोवतीच्या ऋणाग्रावर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडांचा लेप असतो व तो तापला म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. धन दाब दिलेले धनाग्र त्यांना आपल्याकडे ओढून घेते. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंग यांनी अशी दोन अग्रांची नळी सिद्ध केली. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोहोंमध्ये तारेची एक जाळी बसविली, आणि खरी क्रांती येथे झाली. जाळीवरील दाबात अत्यल्प फरक केला असता धनाग्राकडे जाणाऱ्या प्रवाहात मोठा फरक पडतो. पाटाच्या दारावरची फळी दोन बोटे वरखाली केली की शेतात जाणारे पाणी कितीतरी कमीअधिक होते, तसाच हा प्रकार. क्षीण ध्वनीस मोठे करण्याची सारी विद्या या जाळीत आहे. पुढे १९२६ साली हॉलंडात टेलेगेन यांनी पाच अग्रांची नळी काढली व तिच्यामुळे घरगुती रेडिओस पुरेसा जोरकस आवाज सुलभतेने मिळू लागला.

ही विद्या बंगळुरास का रुजली? त्यासाठी जमीन आधीच तयार झालेली होती. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज १९०५ साली या शहराच्या रस्त्यांवर आली. १९०९ साली येथे टाटांच्या देणगीतून भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. शेजारच्या म्हैसूर शहरात १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून नभोवाणी केंद्र चालू केले व त्यास ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. शहाजीराजांच्या बरोबरीने या दुसऱ्या मराठी मुलुखातील माणसाचीही येथे आठवण ठेवावी, असे आम्हास वाटते. १९४८ साली टेलिफोनचा कारखाना आला, आणि १९५४ साली संरक्षण खात्याच्या आधिपत्याखाली, सीएसएफ या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने, भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना जलहळ्ळी येथे स्थापन झाला.

त्यापूर्वी आपल्याकडे व्हॉल्व्ह नव्हते असे नाही. ते परदेशातून येत. मुंबईत मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या पेढीने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविले. लोकमान्यांच्या काळी वक्त्यास केवळ छातीच्या जोरावर हजारोंच्या समुदायास ऐकू जाईल असे बोलावे लागे. गांधीजींच्या मंद, संथ आवाजास लाखोंपर्यंत पोहोचविण्याचे काम या काचनळ्यांनी केले. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालविले, तेही याच नळ्यांच्या आधारावर. पुढे गणेशोत्सवाच्या मांडवात टेबलाखाली ठेवलेला, तासाभरात तापून उठणारा अ‍ॅम्प्लिफायर आपल्यापैकी वडील पिढीतील वाचकांनी पाहिला असेलच. परंतु त्यातील नळी जळाली म्हणजे दुसरी यावयाची ती बोटीने. स्वतंत्र राष्ट्राच्या लष्करी बिनतारी संदेशयंत्रांचा प्राण परदेशी जहाजांवर अवलंबून असावा, ही गोष्ट चिंतेचीच होती.

जलहळ्ळीस १९५६ साली संदेशवहनाची काही यंत्रे तयार होऊ लागली, आणि १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह. आता येथे एक आक्षेप येतो, व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरातच लागला होता. १९५४ साली तिकडे ट्रान्झिस्टरचा खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. म्हणजे जी नळी जगातून निरोप घेण्याच्या तयारीत होती, तिचा कारखाना आपण मोठ्या हौसेने उघडला. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, त्याच आवारात जर्मेनियमच्या अर्धवाहक वस्तूंचे उत्पादन सुरू झाले. नव्या वस्तूने जुनीच्या उंबरठ्यावर पाय ठेवला तेव्हा जुनीचे बारसे होऊन वर्षही लोटले नव्हते, असे म्हटले तरी चालेल. हा सरकारी दिरंगाईचा नमुना होय, असे म्हणणारे त्या वेळीही असतील व आजही भेटतात.

या आक्षेपाचे उत्तर देण्यापूर्वी त्याच काळात अन्यत्र काय घडत होते तेही पाहिले पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरने ध्वनी मोठा करावा, पण त्यात आपल्या पदरचे काही घालू नये, असा अभियंत्यांचा आग्रह असे. नळीवर तिच्या शक्तीबाहेर भार टाकला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे चेपले जातात व मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. सभेच्या मांडवात हा दोषच. परंतु १९५१ साली अमेरिकेत मेम्फिस येथे एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाटेत मोडतोड झालेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा आवाज फाटका येऊ लागला, आणि तो बदलण्याऐवजी तसाच ठेवण्यात आला. लोकांस तो आवडला. हळूहळू गिटारवादक मुद्दामच नळ्यांवर अतिभार टाकू लागले. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी बांधलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरच्या आराखड्यावरून १९६२ साली लंडनच्या एका वाद्यविक्रेत्याने, जिम मार्शल यांनी, आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. जलहळ्ळीस अर्धवाहकांचे युग सुरू झाले तेच हे वर्ष. एकीकडे व्हॉल्व्हचा अंत दिसू लागला असताना दुसरीकडे त्याच्या दोषावरच एका नव्या वाद्यसंगीताची उभारणी होत होती.

आमच्या अ‍ॅम्प्लिफायरात नळ्या दोनच आहेत: ईसीसी ८३ व ईएल ८४. युरोपीय पद्धतीच्या या नावांत अर्थ भरलेला आहे. ‘ई’ म्हणजे तंतूस ६.३ व्होल्ट लागतात. ‘सी’ म्हणजे तीन अग्रांची नळी, व ती दोनदा आली म्हणजे एकाच काचेत अशा दोन. ‘एल’ म्हणजे शक्ती देणारी पाच अग्रांची नळी. आणि ८ या अंकावरून नऊ टाचण्यांची बैठक ओळखावी. कचेरीतील फायलीच्या क्रमांकावरून जसा विभाग, विषय व वर्ष कळावे, तसेच हे आहे. ईएल ८४ ही नळी जुन्या घरगुती रेडिओत पुष्कळदा शेवटच्या जागी असे. व्हॉक्स या इंग्लिश कंपनीच्या ज्या अ‍ॅम्प्लिफायरांवर बीटल्स मंडळी वाजवीत, त्यांतही हीच. दादरच्या दिवाणखान्यात बातम्या सांगणारी व लिव्हरपूलच्या तरुणांचा स्वर गर्जविणारी नळी एकाच जातीची होती, ही गोष्ट आम्हास मोठी मौजेची वाटली.

पुण्यास तपकीर गल्ली, मुंबईस लॅमिंग्टन रोड, तसा बंगळुरास सदर पत्रप्पा रस्ता. तेथील एका जुन्या दुकानात आम्हास बीईएलची ईएल ८४ मिळाली. ईसीसी ८३ मात्र स्लोव्हाकियाहून आलेली घ्यावी लागली. गिटारच्या तारांखाली चुंबक व हजारो वेढ्यांची गुंडाळी असते. तिच्यातून येणारा संदेश व्होल्टाच्या दहाव्या भागाच्या आसपास. ईसीसी ८३ मधील दोन भाग त्यास क्रमाने वाढवितात, व मग ईएल ८४ त्यास शक्ती देते. तिच्या धनाग्रास सुमारे ५,००० ओहमचा भार हवा, आणि ध्वनिक्षेपक तर ८ ओहमचा. म्हणून मध्ये साधारण २५ वेढ्यांस १ वेढा या प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो आम्ही एका वृद्ध कारागिराकडून गुंडाळून घेतला. त्यांनी आकडेमोड आमच्याकडून ऐकून घेतली आणि तारेची जाडी मात्र बोटांनी चाचपून ठरविली.

आता जमाखर्च पाहा. दोन नळ्यांचे तंतू तापविण्यासच जवळजवळ ७ वॅट लागतात. ईएल ८४ च्या धनाग्रावर २५० व्होल्ट दाब व ४८ मिलीअँपिअर प्रवाह, म्हणजे आणखी १२ वॅट. एवढ्या खर्चात हाती येणारा ध्वनी सुमारे ५ वॅटांचा. बाकी सारे उष्णतेत जाते. ट्रान्झिस्टरने हिला का हुसकावले ते या एका हिशेबावरून कळते. शिवाय धोका निराळाच. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टांचा साठा तसाच राहू शकतो. म्हणून त्याच्या टोकांवर मोठा रोध कायमचा जोडून ठेवावा, मीटरने दाब शून्यावर आल्याची खात्री करावी, व चालू यंत्राची तपासणी करताना डावा हात खिशात ठेवावा, हा जुन्या मिस्त्रींचा नियम आम्ही काटेकोरपणे पाळला.

हे सर्व करताना नळी निरखून पाहण्याची संधी मिळाली, आणि वरील आक्षेपाचे उत्तरही मिळाले असे आम्हास वाटते. नळीच्या आतील माथ्यावर चांदीसारखा एक डाग दिसतो. तो बेरियमचा, आत चुकून राहिलेला वायू शोषून घेण्यासाठी तो तेथे उडविलेला असतो. काचेस तडा गेला तर तो पांढरा पडतो. केसाएवढ्या तारेची जाळी ठरल्या अंतरावर बसविणे, काच व धातू यांची सांधणी हवाबंद करणे, आतील हवा जवळजवळ निःशेष काढून घेणे, ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. ती हातांस शिकवावी लागतात. १९६१ साली जलहळ्ळीस हे हात तयार होऊ लागले. पुढे तेथेच १९६७ साली प्रक्षेपणाच्या मोठ्या नळ्या, व १९७० साली क्ष-किरणांच्या, सूक्ष्मलहरींच्या आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या नळ्या होऊ लागल्या. १९७९ साली या कारखान्याने अंधारात पाहण्याच्या साधनांतील नळ्यांसाठी पुण्यास शाखा काढली. या सर्वांत काच, धातू व निर्वात यांचीच विद्या आहे. तेव्हा रेडिओच्या नळीचा कारखाना उशिरा निघाला हे खरे मानले, तरी त्याची किंमत केवळ विकलेल्या नळ्यांवरून करणे योग्य होणार नाही. त्याने काय शिकविले हेही जमेस धरले पाहिजे.

आज जलहळ्ळीस रेडिओचे व्हॉल्व्ह होत नाहीत. जगातील गिटारवादक ज्या नळ्या वापरतात त्या बहुतांशी रशिया, स्लोव्हाकिया व चीन या तीन देशांतून येतात. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाची निर्यात थांबणार असे वृत्त येताच साऱ्या जगाच्या बाजारात टंचाईची भीती पसरली. जी विद्या एकेकाळी या शहरात शेकड्यांनी माणसांच्या बोटांत होती, ती इतकी विरळ झालेली आहे.

आणि येथेच एक गोष्ट आम्हास अस्वस्थ करते. सरकारी कार्यपद्धतीत अभिलेखांचे ए, बी व सी असे वर्ग असतात, हे वाचकांपैकी बहुतेकांस सांगावयास नको. ‘सी’ वर्गातील कागद १० वर्षांहून अधिक ठेवावयाचे नाहीत. कोणती तार कोठून मागविली, किती नळ्या तपासणीत बाद झाल्या, कोणत्या कामगाराने कोणती युक्ती सुचविली, असल्या गोष्टी कोणत्याही कचेरीत नेमक्या याच वर्गात पडतात. करार टिकतात, उद्घाटनाच्या कोनशिला टिकतात. हातांचा इतिहास छाटणीत जातो. तो उरतो फक्त माणसांच्या आठवणीत, आणि ती माणसे आता वृद्ध झाली आहेत.

आपल्या वाचकवर्गात तारखाते, नभोवाणी, संरक्षण कारखाने व टेलिफोन यांतून निवृत्त झालेल्यांची मुले-नातवंडे पुष्कळ आहेत. स्वतः निवृत्त झालेलेही आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच, की घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्या कामाची हकीकत विचारून घ्यावी. मोठ्या घटनांची नको. सकाळी कामावर गेल्यावर पहिल्याने काय करीत, हाताशी कोणती अवजारे असत, बिघाड कसा ओळखीत, हे विचारावे. ते तारीखवार, साध्या मराठीत लिहून काढावे, आणि त्या कागदावर वर्ग लिहावयाची वेळ आली तर ‘ए’ लिहावा.