विटेपासून ‘पुरेशा’पर्यंत

इमारतीच्या दर्शनी भागाला आपण शैलीचे नाव देतो आणि त्या शैलीमागे अभिरुची शोधू लागतो. लंडनच्या बाबतीत ही सवय फसवी ठरते. तेथील दर्शनी भिंतींचा इतिहास हा बऱ्याच अंशी घराच्या बाह्यांगावरून लाकूड हद्दपार करण्याचा इतिहास आहे, आणि तो कायद्याच्या भाषेत लिहिलेला आहे.

2 सप्टेंबर 1666 रोजी पुडिंग लेनमधील एका बेकरीत लागलेल्या आगीने सुमारे 13,200 घरे व 87 चर्च गिळंकृत केली. सॅम्युएल पेप्सच्या रोजनिशीमुळे आणि ड्रायडनच्या ‘अ‍ॅनस मिराबिलिस’मुळे ही आग साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असते, 1667 चा पुनर्बांधणीचा कायदा मात्र सहसा कोणी वाचत नाही. त्याची आज्ञा साधी होती: दारे-खिडक्यांच्या चौकटींसारखे अपवाद वगळता घराचा बाह्यभाग विटेचा वा दगडाचा असावा. 1707 मध्ये छपराखालच्या लाकडी कॉर्निसला मनाई झाली. 1709 मध्ये खिडकीची चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून 4 इंच आत गेली, तर 1774 मध्ये ती विटांच्या आड दडली. जॉन रस्किनने ज्या गोवर स्ट्रीटला कुरूपतेचा नमुना ठरवले, तेथील रुक्षपणात अशा अग्निभयाचाही वाटा होता.

या कायद्यांची भाषा नामांची आहे: वीट, दगड, इंच. 1985 साली इंग्लंड व वेल्सच्या इमारत-नियमांनी विशेषणांची भाषा स्वीकारली. इमारतीची उंची, वापर व स्थान ध्यानात घेऊन बाहेरील भिंतीने आगीच्या फैलावाला ‘पुरेसा’ प्रतिकार करावा, एवढेच बंधन उरले. तपशील मार्गदर्शक पुस्तिकेकडे गेला. यात रचनाकाराला स्वातंत्र्य होते, आणि ते अगदीच अनाठायी नव्हते. परंतु ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे ठरवणारा वाचक जाणकार व निःस्वार्थी असेल, असे त्यात गृहीत होते.

14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवर जळाला. 72 माणसे गेली. तेथील आवरण लाकडाचे नव्हते, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेले होते. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीने 2019 मध्ये निष्कर्ष काढला की त्या भिंती ‘पुरेशा’ प्रतिकाराच्या अटीत बसत नव्हत्या. नियम होता, त्याचा अर्थ मात्र माणसे मेल्यावर लागला.

तत्पूर्वीच, डिसेंबर 2018 मध्ये, इंग्लंडमधील कायदा पुन्हा नामांकडे वळला होता. 18 मीटर वा त्याहून उंच अशा नव्या निवासी इमारतींच्या बाह्यभिंतींत, काही अपवाद सोडता, केवळ ए-1 किंवा ए-2 वर्गातील सामग्री चालेल, असे ठरले. अग्निरोधक प्रक्रिया केलेले लाकूडही या वर्गांत बसत नाही. पण आकड्यालाही कुंपण असते. 9 जून 2019 रोजी पूर्व लंडनमधील बार्किंग येथे एका निवासी इमारतीच्या लाकडी सज्ज्यांवरून आग मजल्यामागून मजले चढत गेली. सुदैवाने कोणी दगावले नाही. ती इमारत 18 मीटरपेक्षा ठेंगणी होती. नव्याने बांधली असती, तरी बंदी तिला लागू झाली नसती.

संदिग्धता हा कवितेचा गुण मानून आपण ती वर्गात शिकवतो. कायद्यातील संदिग्धतेलाही तितक्याच बारकाईने वाचणारे कोणी हवे, कारण तिचा अर्थ भिंतीआड झोपलेल्या माणसाला भोगावा लागतो.