महापालिका असो की ग्राम पंचायत, दिव्यांगांना दार उघडं हवं : सेवा, नोकरी आणि पाच टक्के निधीबद्दल कायदा काय सांगतो?

बेळगाव : घरपट्टी भरायची, जन्माचा दाखला काढायचा, पाण्याच्या कनेक्शनचा अर्ज द्यायचा, काम कुठलंही असो, महापालिका किंवा ग्राम पंचायतीची पायरी चढावीच लागते. पण ज्याला पायरीच चढता येत नाही, त्याने काय करायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं : "घरच्या कुणाला तरी पाठवा." मग घरचा माणूस एक दिवसाचा रोज बुडवून जातो. सही अर्जदाराचीच लागते म्हणून परत येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

यात कुणी मेहेरबानी करावी अशी अपेक्षा नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने ही कामं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केली आहेत. कायद्यात प्रत्येक कामाची जबाबदारीही कुणाची ते ठरवून दिलेलं आहे. आपल्या भागात अडतं ते इथेच. कुणाला विचारायचं हे लोकांना माहीत नसतं, आणि विचारणारं कुणी नाही म्हणून कार्यालयंही हलत नाहीत. हा कायदा काय सांगतो आणि त्याचा वापर कसा करायचा, याची ही माहिती.

कायदा कुणाला लागू?

यापूर्वीचा कायदा १९९५ चा होता. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्या कराराला धरून नवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण आणि हातापायाचं अपंगत्व यांच्या जोडीला स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, सिकल सेल, पार्किन्सन आणि ॲसिड हल्ल्यातील पीडित यांचाही त्यात समावेश आहे.

कायद्यातल्या 'सरकारी आस्थापना' या शब्दात स्थानिक स्वराज्य संस्था येतात. म्हणजे बेळगाव महापालिका, खानापूर-निपाणीसारख्या नगर संस्था आणि गावची ग्राम पंचायत, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. बेळगावकरांनी एक फरक मात्र लक्षात ठेवावा. कॅम्प भागातल्या कँटोन्मेंट बोर्डासाठी या कायद्याखाली जबाबदार सरकार केंद्राचं आहे, तर महापालिका आणि पंचायतींसाठी राज्याचं. तक्रार वरपर्यंत न्यायची वेळ आली तर कॅम्पवाल्यांचा कागद दिल्लीला जातो, बाकीच्यांचा बेंगळूरला.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते, त्यापैकी कर्नाटकात सव्वातेरा लाखांच्या आसपास. ती गणना जुन्या, कमी प्रकारांच्या यादीवर झाली होती. आजच्या २१ प्रकारांनी मोजलं तर आकडा वाढणारच.

आधी कार्ड

बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. १ जून २०२१ पासून हा दाखला 'युडीआयडी' या केंद्राच्या ऑनलाइन पद्धतीनेच मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्यायची.

सीमाभागात नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा : चंदगडची लेक बेळगाव तालुक्यात दिली, तिचा महाराष्ट्रातला दाखला इथे चालतो का? चालतो. दाखला देशभर ग्राह्य धरावा असं कायद्याच्या ५८ व्या कलमातच आहे. पेन्शन आणि पंचायतीचा निधी मात्र रहिवासावर मिळतो, त्यामुळे आधार, रेशन कार्ड आणि युडीआयडीवरचा पत्ता बदलून घ्यावा.

खोटा दाखला काढून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

इमारत : रॅम्पचा हिशेब

कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला बांधकाम परवाना देता येत नाही, पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. हा परवाना देते कोण? महापालिका आणि पंचायतच. त्यामुळे त्यांची जबाबदारी दुहेरी होते. स्वतःची इमारत नीट करायची आणि गावात होणाऱ्या नव्या सार्वजनिक इमारतींवरही लक्ष ठेवायचं.

जुन्या सार्वजनिक इमारतींना ४५ व्या कलमाने पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्ये भरली. राज्याची तयारी पाहून मुदत वाढवण्याची सोय कायद्यात आहे, पण वाढ द्यायची की नाही हे केंद्राने ठरवायचं असतं. एखाद्या कार्यालयाला ती स्वतःच्या मनाने घेता येत नाही.

आता रॅम्पचं बघू. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. कार्यालयाच्या दारात १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५ सेंटीमीटर, आणि रॅम्प हवा ५.४ मीटरचा. पण बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांच्या कडेला दीड-दोन मीटरवर सिमेंट ओतलेलं दिसतं. त्यावरून मोटरसायकल चढते, व्हीलचेअर चढत नाही आणि उतरताना तर ती उलटायची भीती. असा रॅम्प कागदावर 'झाला' म्हणून नोंदवला जातो, म्हणून टेप घेऊन मोजणं हाच उपाय.

रॅम्पला दोन्ही बाजूंना कठडा, आत जायला किमान ९० सेंटीमीटरचं दार, व्हीलचेअर आत वळेल असं शौचालय आणि अंधांसाठी ब्रेल किंवा उठावाच्या अक्षरांतली पाटी, एवढं तरी असावं. यातली एक कडी तुटली की बाकीचा खर्च वाया जातो. रॅम्प आहे पण काम पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. किंवा दिव्यांगांचं शौचालय आहे पण त्याला कुलूप आणि किल्ली शिपायाकडे. असं असेल तर ती सोय नाहीच म्हणायची.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं. सुगम्यतेचे मानदंड नियमांत शिफारशीसारखे राहिले आहेत आणि ते कायद्याशी विसंगत आहे, असं सांगून न्यायालयाने सक्तीचे किमान मानदंड तयार करण्याचा आदेश केंद्राला दिला.

सेवा : खिडकीवर काय बदलायला हवं?

पायरी हा एकच अडथळा नव्हे. ऐकू न येणाऱ्याला टोकनचा पुकारा समजत नाही. त्याच्यासाठी नंबर दिसणारा फलक हवा. अंध माणसाला स्कॅन करून टाकलेली नोटीस मोबाईलवर वाचून घेता येत नाही, कारण तो फोटो असतो. टाईप केलेला मजकूर असेल तर फोन तो वाचून दाखवतो. याला जादा खर्च लागत नाही, नोटीस टाकणाऱ्याने लक्ष दिलं की झालं. सरकारी माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावी, हे कायद्याच्या ४२ व्या कलमात आहे.

मराठी दिव्यांगांपुढे आणखी एक अडचण येते ती भाषेची. फॉर्म आणि फलक कन्नडमध्ये असतात. ज्याला वाचून दाखवायला माणूस लागतो, त्याला कन्नड वाचणारा माणूस शोधावा लागतो. फलकावरचा 'विकलचेतन' हा शब्द म्हणजेच दिव्यांग, हे माहीत नसल्याने काही जण योग्य खिडकीपर्यंत पोचतच नाहीत. गाऱ्हाणं देताना मात्र भाषेची भीती नको. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं, म्हणजे मराठीतही. ते घेतलं म्हणून पोच मागावी.

नोकरी : चार टक्के आणि त्यापुढे

कायद्याच्या ३४ व्या कलमाने सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. अंध व अल्पदृष्टी १ टक्का. बहिरे व कमी ऐकू येणारे १ टक्का. हातापायाचं अपंगत्व, ज्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, ठेंगणेपण, ॲसिड हल्ल्यातील पीडित येतात, १ टक्का. आणि स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार वा एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेले १ टक्का. कर्नाटकात 'क' आणि 'ड' गटाच्या पदांसाठी हे प्रमाण ५ टक्के आहे.

योग्य उमेदवार मिळाला नाही तर जागा लगेच इतरांना देता येत नाही. ती पुढच्या वर्षात ओढावी लागते. तेव्हाही मिळाला नाही तर दिव्यांगांच्याच दुसऱ्या प्रकारातून भरावी लागते आणि त्यानंतरच इतरांना. म्हणून जाहिरात निघाली की किती जागा कुठल्या प्रकाराला आहेत आणि मागच्या किती ओढल्या आहेत, हे दोन्ही विचारावं.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर?

पालिकेचा लाइनमन खांबावरून पडला, पाय गेला. कार्यालयातून सांगितलं जातं, "आता तुमच्याने काम होणार नाही, राजीनामा द्या." तो देऊ नये. कायद्याच्या २० व्या कलमानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पद उतरवता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. जुन्या कायद्यातही ही तरतूद होती. पाय गमावलेल्या कुणाल सिंह या जवानाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तिच्याच आधारे निकाल दिला होता. एकदा राजीनामा लिहून दिला की हा हक्क सिद्ध करणं अवघड होऊन बसतं, म्हणून सही करण्याआधी सल्ला घ्यावा.

पाच टक्के निधी

कर्नाटकात स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा दंडक आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही ग्राम पंचायतींना स्वउत्पन्नाच्या ५ टक्क्यांचाच नियम आहे. समजा एखाद्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न २० लाख रुपये आहे, तर दिव्यांगांचा वाटा झाला एक लाख. त्यातून उपचाराला मदत, साधनं, मुलांच्या शिक्षणाला हातभार अशी कामं होऊ शकतात.

घरं आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव जागा हा वेगळा हक्क आहे. तो ३७ व्या कलमाने मिळतो आणि त्यात दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे. म्हणून "तुम्हाला घर दिलंय, आता निधी कशाला?" असं म्हणता येत नाही.

गावपातळीवर यासाठी माणूसही नेमलेला असतो. त्याला व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता म्हणतात. तालुक्याला एमआरडब्ल्यू आणि शहरात यूआरडब्ल्यू असतो. आपल्या पंचायतीचा कार्यकर्ता कोण, हे पीडीओंना विचारलं की कळतं. पेन्शनचा अर्ज मात्र पंचायतीत नाही, नाडकचेरीत द्यायचा.

तक्रार कुठे, किती दिवसांत?

पहिली पायरी म्हणजे त्याच कार्यालयातला तक्रार निवारण अधिकारी. २३ व्या कलमानुसार तो नेमणं सक्तीचं आहे. तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची. समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जायचं. त्याच्यावर राज्याचे दिव्यांग आयुक्त. आयुक्तांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने काय केलं, ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. कायदा मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत.

तोंडी विचारून उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे प्रश्न मोजके ठेवावेत आणि विषय वेगळा असेल तर अर्जही वेगळा करावा. विचारण्याजोग्या गोष्टी अशा :

• गेल्या तीन वर्षांत पाच टक्के निधी किती जमा झाला, कशावर खर्च झाला, शिल्लक किती?

• लाभार्थी कसे निवडले? ठरावाची प्रत द्यावी.

• दिव्यांगांसाठी राखीव पदं किती, भरलेली किती, पुढच्या वर्षात ओढलेली किती?

• तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा काय?

ग्रामसभेतही हे प्रश्न विचारता येतात. दिव्यांग माणूस स्वतः सभेला पोचू शकत नसेल, तर सभा त्याला पोचता येईल अशा जागी घ्या, अशी लेखी मागणी आधीच करावी. निधी कुठे खर्च करायचा हे जिथे ठरतं, तिथे ज्याच्यासाठी तो निधी आहे तो माणूस हजर असला, तर पुढचा रॅम्प दोन मीटरचा बांधायला कंत्राटदारही बिचकेल.