पातळ चिलखताची टेहळणी गाडी : अहमदनगरच्या छावणीपासून झाडीपट्टीच्या रस्त्यांपर्यंत

सैन्याच्या पुढे जाऊन शत्रू कोठे आहे, त्याचे बळ किती आहे, वाट चालू आहे की अडवलेली आहे आणि पूल शाबूत आहे की उडवलेला आहे, याची खबर मागे पोचवण्याच्या कामाला लष्करी व्यवहारात टेहळणी म्हणतात. मराठ्यांच्या फौजेत हे काम जासूद, हेर आणि बिनीवर चालणारे हलके घोडदळ करीत असे. विसाव्या शतकात घोड्याची जागा मोटारीने घेतली, तेव्हा त्याच कामासाठी पातळ पोलादी पत्र्याने मढवलेली आणि मशीनगन बसवलेली चाकांची गाडी तयार झाली. या गाडीच्या भारतीय इतिहासातील बराच भाग महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला आहे. तिचे शिक्षण अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) छावणीत झाले, मराठवाड्याच्या रस्त्यांवर ती 1948 मध्ये शत्रूच्या बाजूने उभी होती, आणि तिच्या वंशातील गाड्यांची सर्वांत कठोर परीक्षा पूर्व विदर्भाच्या जंगलातील रस्त्यांवर झाली. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गोरेगाव हे या पट्ट्याच्या काठावरचे तालुक्याचे ठिकाण. येथून देवरी, सालेकसा आणि पुढे गडचिरोलीकडे पसरलेल्या झाडीपट्टीचा विचार केला, म्हणजे या गाडीचे गुण आणि दोष एकाच मुळातून कसे निघतात हे स्पष्ट होते.

ते मूळ म्हणजे वजन. पोलादी पत्र्याची जाडी एक मिलिमीटरने वाढली की दर चौरस मीटरमागे सुमारे 7.85 किलो वजन वाढते. म्हणजे तीस चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या गाडीचे चिलखत सर्व बाजूंनी दहा मिलिमीटरने जाड करायचे झाल्यास तिच्यावर सुमारे 2,355 किलो भार पडतो, आणि त्या भारासाठी मोठे इंजिन, जाड आस, भक्कम स्प्रिंगा व अधिक इंधन लागत असल्याने मूळ वाढ पुन्हा वाढत जाते. टेहळणी गाडीच्या रचनाकारांनी म्हणूनच आरंभापासून एक मर्यादा स्वीकारली : साध्या बंदुकीची गोळी आणि तोफगोळ्याच्या उडणाऱ्या कपच्या थोपवाव्यात, त्याहून मोठ्या माऱ्यापासून गाडीने वेगाने, आडोशाने आणि कमी उंचीने आपला बचाव करावा. पत्रा तिरपा बसवला की आडव्या दिशेने येणाऱ्या गोळीला त्याची अधिक जाडी भेदावी लागते; उभ्या रेषेपासून साठ अंश कललेला पत्रा अशा गोळीला दुप्पट जाड पडतो, आणि या गाड्यांची अंगे कोनाकोनांची दिसतात त्याचे कारण हेच आहे.

अहमदनगरला 1924 मध्ये रॉयल टँक कोअरची शाळा आली आणि स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये निरनिराळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून तेथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. रणगाडा आणि चिलखती गाड्या चालवणारे भारतीय सैनिक तेथे घडतात. याच संस्थेने 1994 मध्ये उघडलेल्या कॅव्हलरी टँक संग्रहालयात रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट या मोटारीवर बांधलेली चिलखती गाडी जतन केलेली आहे, आणि टेहळणी गाडीचा इतिहास समजून घ्यायला तिच्याइतका चांगला आरंभ नाही. ही गाडी पहिल्या महायुद्धात 1914 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाने प्रथम वापरली. सुमारे बारा मिलिमीटर जाडीचा पत्रा, फिरत्या बुरुजात एक व्हिकर्स मशीनगन आणि चांगल्या रस्त्यावर ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेग, एवढ्या भांडवलावर तिने अरबस्तानच्या वाळवंटात आणि पुढे वायव्य सरहद्दीवर मोठे काम केले. तिचे यश मोकळ्या, कोरड्या आणि कठीण जमिनीवरचे होते. फ्लँडर्सच्या चिखलात खंदकांची युद्धरेषा पक्की झाल्यावर तिला करण्यासारखे काही उरले नव्हते.

भारतीय घोडदळातील घोडे जाऊन यंत्रे येण्यास 1938 मध्ये सिंध हॉर्स या रेजिमेंटपासून प्रारंभ झाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादावर एक स्वदेशी चिलखती गाडी तयार झाली. कॅनडातील फोर्ड कंपनीच्या सांगाड्यावर येथे चिलखती पेटी चढवून साडेचार हजारांहून अधिक गाड्या बांधण्यात आल्या. पाश्चात्त्य कारखान्यांकडून पुरेशा गाड्या मिळत नसताना भारतीय डिव्हिजनांची टेहळणी पथके या गाड्यांवर चालली, ही गोष्ट युद्धाच्या इतिहासात फार कमी सांगितली जाते. इटलीत आठव्या भारतीय डिव्हिजनचे टेहळणी पथक सहाव्या लान्सर्सचे होते, आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या ज्या पलटणीत शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. इटलीच्या डोंगरी मुलखात माघार घेणारे जर्मन सैन्य पूल उडवीत आणि रस्त्यांवर सुरुंग पेरीत जात असे. अशा वेळी चाकांच्या गाडीला रस्ता सोडता येत नसे आणि रस्त्यावरून पुढेही जाता येत नसे, त्यामुळे टेहळणीचे काम वारंवार पायी गस्तीकडे जाई.

स्वतंत्र भारतात या गाडीचे सर्वांत लखलखीत यश 7 नोव्हेंबर 1947 रोजी श्रीनगरजवळच्या शालाटेंगला दिसले. सातव्या लाइट कॅव्हलरीच्या चिलखती गाड्या पंजाबातून रस्त्याने काश्मीर खोऱ्यात पोचल्या होत्या, ब्रिगेडियर एल. पी. सेन यांच्या योजनेनुसार लेफ्टनंट नोएल डेव्हिड यांनी आपल्या गाड्या लांबच्या वळणाने, पाकिस्तानकडून काश्मीरवर चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या पिछाडीला नेल्या, त्या आपल्याच बाजूच्या असाव्यात असे समजून टोळीवाले गाफील राहिले, आणि पुढून पायदळ व मागून मशीनगन अशा कात्रीत सापडून ते मोडले. येथे चिलखताची जाडी निर्णायक नव्हती; वेग, वळण घेण्याची मोकळीक आणि शत्रूचा गैरसमज या तीन गोष्टींनी काम केले.

याउलट चित्र दहा महिन्यांनी मराठवाड्यात दिसले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता; निजामाच्या सैन्याकडे चिलखती गाड्या होत्या आणि सोलापूर–हैदराबाद रस्त्याच्या बचावात त्यांचा वाटा अपेक्षित होता. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या भारतीय फौजेने 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला, सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्याला पोचली. त्याच दिवशी तुळजापूर घेऊन लोहाऱ्याकडे निघालेली दुसरी तुकडी मात्र नदीला पूर आल्याने थांबली. सप्टेंबरच्या पावसात काळ्या मातीचा मुलूख चाकांच्या गाडीला जवळजवळ बंद असतो, आणि रस्त्यालाच बांधलेली हलकी गाडी समोरून रणगाडे व वरून विमाने येत असताना तेथे टिकाव धरू शकत नाही. हल्ला करणाऱ्या बाजूला ज्या पुलाने गती दिली, त्याच पुलाच्या जाण्याने बचाव करणाऱ्या बाजूची गाडी निरुपयोगी झाली. पाच दिवसांत, 17 सप्टेंबरला, हैदराबादने शरणागती पत्करली.

युद्धोत्तर काळातील दोन गाड्या भारतीय सैन्याने दीर्घकाळ वापरल्या आणि दोघींमध्ये दोन वेगळे विचार दिसतात. ब्रिटिश फेरेट ही जेमतेम पावणेचार टनांची, सहा ते सोळा मिलिमीटर चिलखताची गाडी. तिचे पाचही गिअर उलट्या दिशेनेही चालत, त्यामुळे शत्रू दिसताच तोंड न वळवता पूर्ण वेगाने मागे येता येई, आणि टेहळणी म्हणजे परत येणे हे ज्याला उमगले आहे अशाच रचनाकाराला ही सोय सुचू शकते. रशियन बीआरडीएम-2 सात टनांची आणि पाण्यात तरंगणारी. पोटाखाली असलेली जादा चाके खाली सोडून ती खंदक ओलांडते, 14.5 मिलिमीटरची मशीनगन बाळगते, पण तिला कडेला दार नाही, वरच्या झडपांतून बाहेर पडावे लागते आणि आग लागल्यास आतले सैनिक गोळीबारातच उघडे पडतात.

तरंगण्याची किंमत 1971 च्या बांगलादेश युद्धातही दिसली. पीटी-76 हा चौदा टनांचा हलका रणगाडा टेहळणीसाठी बांधलेला होता आणि त्याचे चिलखत जड मशीनगनच्या माऱ्यापुढेही कच्चे होते. तरी 21 नोव्हेंबर 1971 रोजी गरीबपूरला 45 कॅव्हलरीच्या चौदा पीटी-76 रणगाड्यांनी दाट धुक्यात आधीच जागा धरून पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडून काढला. मेजर दलजितसिंग नारग तेथे धारातीर्थी पडले. पुढे मेघना नदी ओलांडताना पात्राची रुंदी एवढी होती की पीटी-76 ची इंजिने तापू लागली आणि गाड्या गावठी नावांनी ओढून न्याव्या लागल्या; तरंगणारी गाडी कोणत्याही नदीला पुरते, हा समज त्या दिवशी संपला.

झाडीपट्टीत प्रश्नाचे स्वरूप पालटले. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचा पूर्व व दक्षिण भाग नक्षलवादी हालचालींच्या छायेत होता. येथील भूमी धानाच्या बांध्या, मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी तलाव), बोड्या आणि दाट जंगल यांनी भरलेली. पावसाळ्यात बांधीत उतरलेली जड गाडी बाहेर निघत नाही, आणि जंगलातून जाणारा रस्ता बहुधा एकच असतो. मोकळ्या मैदानात टेहळणी गाडीचा प्राण असलेली वळण घेण्याची मोकळीक येथे मुळातच नाही. शत्रूला गाडी शोधण्याची गरज राहत नाही. ती कोणत्या मोरीवरून जाणार हे त्याला ठाऊक असते.

या परिस्थितीला उत्तर म्हणून भूसुरुंगरोधक वाहन आले, ज्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीतून घेतलेली होती. तिचे पोट इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे असते, जेणेकरून खालून आलेला स्फोटाचा दाब दोन्ही बाजूंना फाकतो. कॅस्पिर चाकाखाली एकवीस किलो आणि पोटाखाली चौदा किलो टीएनटीच्या स्फोटात आतल्या माणसांना वाचवू शकते. या रचनेने अनेकांचे प्राण वाचवले यात शंका नाही, परंतु तिने नवे दोष आणले : उंची वाढली, गुरुत्वमध्य वर गेल्याने उलटण्याचा धोका वाढला, आणि गाडी सुरक्षित आहे या भावनेने तीत एकाच वेळी अधिक माणसे बसवली गेली. छत्तीसगडमध्ये पडेडा येथे 3 सप्टेंबर 2005 रोजी अशाच वाहनाखाली क्षमतेच्या पलीकडचा स्फोट झाला आणि चोवीस जवान मृत्युमुखी पडले. सुरुंग पेरणाऱ्याला स्फोटक वाढवायला काही किलोंचा खर्च येतो, चिलखत वाढवणाऱ्याला टनांचा. ही स्पर्धा गाडीने जिंकण्यासारखी नाही. तरीही चिलखतच नको असा निष्कर्ष कोणी काढू नये : गोंदियाच्या दक्षिणेला असलेल्या गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ 1 मे 2019 रोजी शीघ्र कृती दलाचे पंधरा पोलीस आणि चालक एका साध्या खासगी वाहनात होते, आणि त्यांपैकी कोणी वाचले नाही.

आज महाराष्ट्रातच या गाडीचे नव्या पिढीचे रूप घडत आहे. अहिल्यानगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने टाटांसह आठ चाकांची, पाण्यात उतरणारी चिलखती गाडी विकसित केली. पुण्याच्या भारत फोर्जला फेब्रुवारी 2021 मध्ये कल्याणी एम-4 या गाड्यांची मागणी मिळाली. आणि मार्च 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने महिंद्रा डिफेन्सशी 1,300 हलक्या विशेष चिलखती वाहनांचा सुमारे 1,056 कोटी रुपयांचा करार केला. या गाड्यांची जाहिरात त्या कोणत्या गोळीला आणि किती किलो स्फोटकाला तोंड देतात या आकड्यांवर केली जाते. ते आकडे आवश्यक आहेत; परंतु दूरचे पाहणारी दुर्बीण, रात्रीची दृष्टी, खात्रीचा बिनतारी संदेश आणि रस्ता सोडून जाण्याची क्षमता यांना खरेदीच्या कसोट्यांत तितकेच वजन मिळायला हवे, कारण या चार गोष्टी कमी पडल्या तेथे जाड पत्राही कामी आलेला नाही.

केवळ चिलखतावर विसंबू नये, हा धडा झाडीपट्टीतील पोलिसांनी आपल्या कार्यपद्धतीत उतरवलेला आहे. गडचिरोलीत 1990 मध्ये के. पी. रघुवंशी यांनी उभारलेले सी-60 पथक स्थानिक तरुणांचे आणि मुख्यतः पायी चालणारे आहे. आणि जंगलातील संशयित रस्त्यावर गाडी निघण्यापूर्वी रोड ओपनिंग पार्टी, म्हणजे सुरुंगशोधक यंत्र व प्रशिक्षित श्वान घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजू आणि प्रत्येक मोरी तपासणारी जवानांची तुकडी, पायी पुढे जाते, आणि चिलखती गाडी तिच्या मागून निघते.