आग कुणाची, ज्ञान कुणाचे?

माझा पणजा गावचा महार. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष प्रमाण. वाड्याच्या ओट्यावर मात्र त्याला जागा नाही. त्याच्या माहितीवाचून गावाचे अडत होते, पण तिला ज्ञान म्हणायची कुणाची तयारी नव्हती. कॅलिफोर्नियाच्या ओकवनांचा इतिहास वाचताना मला हा पणजा वारंवार आठवला.

तिथल्या युरोक, कारुक आदी आदिवासी जमाती ओकची फळे दळून, पाण्याने त्यांचा कडवटपणा काढून खात. त्यासाठी त्या रानात ठरावीक काळाने हलकी आग लावत. तीत पालापाचोळा आणि फळे पोखरणारे किडे जळत. ओकवर सावली धरून त्याला मारणारी सूचिपर्णी रोपेही मरत. काळा ओक वरून जळाला तरी बुंध्याशी धुमारे फुटतात. ते वाढावेत म्हणून पुढची आग कधी लावायची, याचा हिशेब असे.

१७९३ साली स्पॅनिश गव्हर्नर आरियागाने या आगींवर बंदीचा हुकूम काढला. १८५० साली कॅलिफोर्निया राज्याने रान पेटवणे शिक्षापात्र ठरवले. कायद्याचे नाव काय, तर इंडियनांच्या 'कारभाराचा व संरक्षणाचा' कायदा! त्याच कायद्याने त्यांची मुले गोऱ्यांच्या घरी राबवण्याची वाट मोकळी केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हलक्या आगीच्या पुरस्कर्त्यांना 'पायूट वनशास्त्र' म्हणून हिणवले गेले. पायूट हे जमातीचे नाव. जमातीचे नाव हीच शिवी कशी होते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९३५ साली अमेरिकेच्या वनखात्याने प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंत विझवण्याचे धोरण घेतले. पाचोळा साचत गेला, सूचिपर्णी झाडे ओकच्या डोक्यावर गेली, वणवे अधिक भीषण झाले. मग तीच आग 'नियोजित आग' या नावाने शास्त्रात प्रतिष्ठित झाली! २०२४ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून मान्यताप्राप्त जमातींना राज्याशी करार करून परंपरागत आग लावण्याची वाट दिली.

परंपरेचे गोडवे मला गायचे नाहीत. आग सर्व दुखण्यांवर औषध नाही. निळ्या ओकची रोपे चराईने आणि गवताच्या स्पर्धेनेही मरतात. शिवाय पणजाचे ज्ञान वतनाच्या वेठीला जुंपलेले होते. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, ते उगीच नव्हे. अधिकाराविना ज्ञान म्हणजे वेठबिगारच. म्हणून ओकवनाची वार्ता ऐकताना आपण एवढेच विचारावे: आग परत आली, रान कुणाचे?